स्पेक्ट्रमच्या कॅसेटची यादी कशात करावी: गेमबेस, टोसेक की साधी शीट?

माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली आणि आत झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकाच्या, गेम आणि प्रोग्राम साठवलेल्या कॅसेट निघाल्या की दोन कामं मागे लागतात, बुरशी पुसणं आणि यादी करणं. पहिल्याला पर्याय नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत राहिलेली कॅसेट तशीच डेकमध्ये घालू नका, हेडला लागलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. यादीसाठी मात्र तीन पर्याय आहेत आणि तिन्ही वापरणारे आपापल्या जागी ठाम आहेत. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत या नादाला लागलेल्या मंडळींकडून ऐकलेलं आणि स्वतः वापरताना दिसलेलं इथे मांडतोय. कुणाचंही मत ऐकताना तो माणूस खेळणारा आहे की जपणारा, हे आधी विचारा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

गेमबेस हे खेळणाऱ्यांचं लाडकं. गेमची यादी दाखवणारा हा प्रोग्राम मूळ कमोडोर ६४ या त्याच काळातल्या दुसऱ्या संगणकासाठी बनलेला, पुढे लोकांनी त्यावर इतर यंत्रांचेही डेटाबेस बांधले. यादीत नाव निवडलं की गेमचं चित्र, साल, प्रकाशक समोर येतात आणि तिथूनच एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) उघडून गेम सुरू होतो. गणपतीला मुंबईहून आलेल्या भाचरांना गुंतवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. तक्रारी दोन ऐकू येतात. ते विंडोजचं आणि आतला डेटाबेस मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचा, म्हणून लिनक्सवाले वैतागतात. दुसरी तक्रार जास्त खरी आहे. तयार यादी मिळते ती जगात निघालेल्या गेमची. तुमच्या पेटीत काय आहे ते तिला ठाऊक नसतं. स्वतःच्या नोंदी घालता येतात, पण हजारो परक्या नोंदींत त्या हरवून जातात.

टोसेक हे खरं तर सॉफ्टवेअर नव्हे. २००० सालापासून चाललेली ती एक सूची आणि फाइलींना नावं देण्याची पद्धत आहे. तिच्या डॅट फाइली, म्हणजे सूचीच्या याद्या, रॉमव्हॉल्टसारख्या प्रोग्रामला दिल्या की तो तुमच्या फाइलींचा चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) ताडून बघतो आणि नावं लावतो. सातबाऱ्यासारखं सगळं एका ओळीत येतं: शीर्षक, साल, प्रकाशक आणि चौकटी कंसात खुणा. 'बी' म्हणजे खराब प्रत, 'सीआर' म्हणजे क्रॅक केलेली (कॉपीपासूनचं संरक्षण तोडलेली), 'ए' म्हणजे वेगळी प्रत. शिस्तप्रिय माणसाला हे बघून बरं वाटतं. आणि इथेच सगळ्यात जास्त शिव्याही पडतात, कारण घरी संगणकात उतरवलेली कॅसेट बहुतेक वेळा 'अनोळखी' ठरते.

यात दोष कुणाचाच नाही. कॅसेट संगणकात साठवायचे टीझेडएक्स आणि टॅप असे दोन फॉरमॅट आहेत. टीझेडएक्स फाइलमध्ये नुसते बाइट नसतात, दोन ब्लॉकमधला विराम मिलिसेकंदांत नोंदलेला असतो आणि गरजेप्रमाणे टेपवरच्या आवाजाच्या स्पंदांची लांबीही असते. तीच कॅसेट पुन्हा उतरवली आणि विराम थोडासा जरी सरकला, तरी चेकसम पार बदलतो. टॅप फाइलमध्ये फक्त बाइट असतात, त्यामुळे साध्या पद्धतीने रेकॉर्ड झालेली कॅसेट दर वेळी तीच फाइल देते. पण बऱ्याच विकतच्या गेमना स्वतःचा वेगवान लोडर (टेपवरून गेम यंत्रात भरणारा छोटा प्रोग्राम) होता आणि तो टॅपमध्ये मावत नाही. सॉफ्टवेअर बोगस आहे असं कुणी सांगितलं, तर त्याने कुठला फॉरमॅट वापरला ते विचारा.

आता शीट. लिब्रेऑफिस कॅल्क घ्या किंवा फोनवर उघडणारं काहीही. चित्र नाही, आपोआप काही होत नाही, सगळं हाताने टाइप करायचं. तरीही माझा कौल हिलाच. भारतात डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम, म्हणजे याच यंत्राचा इथला अवतार, आला त्या काळात आपल्या घरांत विकतच्या कॅसेट किती होत्या? बहुतेक एकमेकांकडून उतरवलेल्या आणि मधेमधे घरच्यांनी लिहिलेले प्रोग्राम. दापोलीच्या एका निवृत्त गुरुजींकडे साठ मिनिटांची कॅसेट आहे. वेष्टनावर बॉलपेनने 'आंबा हिशेब', मागे खोडलेलं नाट्यगीतांचं नाव. ती लोड केली की पडद्यावर 'प्रोग्राम' आणि पुढे 'आंबा८६' एवढंच रोमन अक्षरांत उमटतं. पेटीचा दर, हमाली, दलालांचं कमिशन, सगळं बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत. हे कुठल्या डेटाबेसात मिळणार?

आणि शीटमधली अर्धी माहिती कॅसेटच देते. स्पेक्ट्रमच्या प्रत्येक हेडरमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या आधी टेपवर येणाऱ्या छोट्या नोंदीत, १७ बाइटची माहिती असते: प्रकार, १० अक्षरांचं नाव, लांबी आणि प्रोग्राम असेल तर कुठल्या ओळीपासून आपोआप सुरू व्हायचा तो आकडा. हे जसंच्या तसं उतरवा, मनाने नाव सुधारू नका. शेजारच्या रकान्यांत बाजू, वेष्टनावरचा मजकूर, बुरशीची अवस्था आणि टेपच्या काउंटरचा आकडा. काउंटर प्रत्येक डेकचा वेगळा पडतो, म्हणून कुठला डेक होता तेही लिहा. शीटवाल्यांची नेहमीची रड म्हणजे एकाच गेमची तीन स्पेलिंगं. त्यावर उपाय झेडएक्सडीबी. हा स्पेक्ट्रमचा खुला डेटाबेस आहे, त्यात प्रत्येक शीर्षकाला क्रमांक असतो. तो एका रकान्यात टाकला की स्पेलिंगचं ओझं उतरतं.

शीटच्या बाजूने आणखी एक गोष्ट. जुलै २०२१मध्ये चिपळूणमध्ये पाणी भरलं, तेव्हापासून खालच्या मजल्यावर एकच प्रत ठेवायची हिंमत इथे फारसं कुणी करत नाही. शीट काही केबींची असते, रेंजचा एक दांडा असला तरी पुण्याच्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. चित्रांसकट गेमबेसचं फोल्डर तसं पाठवून बघा.

पेटीत मूळ छापील वेष्टनाच्या कॅसेट जास्त असतील, तर टोसेक शिकण्याचे कष्ट वसूल होतात. नुसतं खेळायचं असेल तर गेमबेस घ्या आणि मोकळे व्हा. कमोडोर ६४च्या फ्लॉपीवाल्यांना टोसेक जास्त मानवतं. फ्लॉपीची संगणकातली प्रत म्हणजे त्यांची नेहमीची डी६४ फाइल ३५ ट्रॅकची, ६८३ सेक्टरची, म्हणजे १,७४,८४८ बाइटची ठरलेली. विरामांची भानगडच नाही. फक्त गेमने हायस्कोअर फ्लॉपीवर लिहिला असेल तर चेकसम बदललेलाच मिळेल. अशा फ्लॉपीला खराब समजू नका, तिच्या नोंदीपुढे 'स्कोअर लिहिलेला' असा शेरा मारा.