११० सेंटिमीटरचा फाइव्ह-इन-वन रिफ्लेक्टर: दुपारच्या लग्नात किती कामाचा?

पत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा छापलेला असतो आणि पुण्यात सूर्य सर्वांत उंच चढतो तोही साधारण त्याच सुमाराला. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत तो एक दिवस थेट डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. डिसेंबरअखेरीस मात्र पुण्यात भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून ४८ अंशांपर्यंतच चढतो. फाइव्ह-इन-वन रिफ्लेक्टर, म्हणजे फोटो काढताना ऊन वळवायची किंवा मऊ करायची पाच बाजूंची गोल थाळी, घेणाऱ्याने हा फरक आधी डोक्यात पक्का करावा, कारण डिसेंबरच्या लॉनवर जी बाजू उत्तम चालते तीच मेमध्ये चेहऱ्याची वाट लावते.

वस्तू साधी आहे. स्टीलच्या लवचीक पट्टीच्या रिंगवर ताणलेलं पांढरं, अर्धपारदर्शक कापड, म्हणजे डिफ्यूजर. त्यावर चेन लावलेलं कव्हर. कव्हर उलटसुलट करत गेलं की सिल्व्हर, गोल्ड, पांढरी आणि काळी अशा चार बाजू मिळतात. घडी केली की सगळं जेमतेम ४० सेंटिमीटरच्या गोल पिशवीत मावतं. गोडॉक्स, नीवर, डिजिटेक अशा नावांनी मिळणाऱ्या सगळ्यांची रचना हीच; फरक पडतो तो शिवणीत, चेनमध्ये आणि कापडाच्या रंगात.

पाच बाजू म्हणतात, पण रिंग एकच असते, हे दुकानात कुणी सांगत नाही. डिफ्यूजर बाहेर काढला की कव्हर म्हणजे नुसतं लुळं कापड. त्यामुळे वरून ऊन मऊ करायचं आणि समोरून रिफ्लेक्टरही धरायचा, हे एका नगात होत नाही. आणि गंमत म्हणजे बहुतेकांच्या बॅगेत हे कव्हर जन्मभर चढवलेलंच राहतं, सिल्व्हर बाजू बाहेर. आमच्या मते या वस्तूचे पैसे वसूल होतात ते आतल्या त्या साध्या पांढऱ्या कापडामुळे. बाकीच्या चार बाजू त्यावरचा जोडधंदा.

दुपारच्या उन्हात नवरानवरीकडे जवळून पाहा. मुंडावळ्यांच्या सरी कपाळावरून दोन्ही गालांवर उतरतात आणि प्रत्येक सरीची काळी, धारदार सावली गालावर उमटते. फेट्याची कडा कपाळ कापते. डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, नथीची सावली वरच्या ओठावर येते. एडिटिंगमध्ये हे काढता येत नाही. शॅडो उचलली तरी रेघ रेघच राहते. डिफ्यूजर डोक्यावर धरला की या सगळ्या सावल्यांच्या कडा एकदम विरघळतात. या एका कामासाठी त्याला पर्याय नाही.

आकडे असे. कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) १६ असेल तर शटर साधारण १/१०० सेकंद लागतो, म्हणजे एफ २.८ ला १/३२००. डिफ्यूजर एक ते दीड स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), तेव्हा त्याच्याखाली तोच शटर १/१६०० ते १/१००० च्या दरम्यान येतो. चेहरा या हिशेबाने घेतला की मागचं उन्हातलं सगळं तेवढ्याच स्टॉपने जास्त उजळणार. म्हणून मागे पांढरा शामियाना किंवा मोकळं आकाश असेल तर फोटो फसलाच म्हणून समजा. मागे आंब्याची दाट सावली, काळ्या दगडाची भिंत, कार्यालयाच्या ओवरीतला अंधार असं काहीतरी शोधायचं. गडद जागेला दीड स्टॉप जास्त मिळाला तरी ती फुटत नाही.

धरण्याची पद्धत महत्त्वाची. डिस्क डोक्यापासून ६० सेंटिमीटर ते एक मीटरच्या आत हवी. हेल्परचा हात दुखतो म्हणून ती दोन मीटरवर गेली की प्रकाश कमी होतो आणि सावल्यांना पुन्हा धार चढते. मेच्या दुपारी डिस्क बरोबर टाळूवर धरू नये. तशी धरली तर प्रकाश मऊ होतो खरा, पण येतो वरूनच, आणि डोळे काळेच राहतात. ती कॅमेऱ्याच्या दिशेला पुढे सरकवायची, डोकं तिच्या मागच्या कडेखाली येईल इतकी. चेहऱ्याला आता प्रकाश समोरच्या वरच्या बाजूने मिळतो. केसांवर किंवा फेट्यावर उन्हाचा तुकडा पडत नाही ना, ते प्रत्येक फ्रेमला बघायचं. नाकाच्या शेंड्यावर पडलेला उन्हाचा ठिपका मॉनिटरवर दिसतो तेव्हा वेळ गेलेली असते.

आणि ते लुळं कव्हर पिशवीत कोंबू नका. सिल्व्हर बाजू वर करून ते जोडप्याच्या पुढ्यात जमिनीवर पसरायचं, डिफ्यूजरच्या सावलीच्या जरा बाहेर, जिथे थेट ऊन पडतंय तिथे. खालून हलका उजेड येऊन हनुवटीखालचा आणि डोळ्यांतला काळोख निघतो. सुरकुत्या पडल्या तरी बिघडत नाही, उलट प्रकाश विखुरतो. फार तेज वाटलं तर पांढरी बाजू वर. वाऱ्याने उडू नये म्हणून कडांवर नारळ ठेवावेत, लग्नघरी त्यांची कमतरता नसते.

११० सेंटिमीटरमध्ये एक माणूस कमरेपर्यंत नीट झाकला जातो, दोघं चिकटून उभे राहिले तर छातीपर्यंत. पूर्ण उंचीचा फोटो काढायला गेलात तर जमिनीवर डिस्कची गोल सावली येते. मामा-मामी, आत्या, करवल्या मिळून दहा जणांचा ग्रुप हे या वस्तूचं कामच नाही. त्यासाठी सरळ इमारतीची सावली शोधा.

आता सिल्व्हर. डिसेंबर-जानेवारीत, किंवा कुठल्याही महिन्यात दुपारी चारनंतर, सूर्य तिरका असतो तेव्हा ही बाजू झकास चालते. सूर्य जोडप्याच्या पाठीशी, हेल्पर कॅमेऱ्याच्या बाजूला, सिल्व्हर बाजू सूर्याकडे. नवख्या हेल्परला प्रकाश सापडत नाही, म्हणून आधी तो जमिनीवर पाडायला सांगायचा. उजेडाचा तुकडा जमिनीवर दिसला की तो हळूहळू पायांवरून, शालूवरून वर चेहऱ्यापर्यंत न्यायचा. अंतर दोन मीटरच्या आसपास ठेवून सुरुवात करावी आणि डिस्क छातीच्या वर, जमल्यास डोळ्यांच्या रेषेच्याही वर धरावी. कमरेखाली धरलेली सिल्व्हर नाकपुड्या आणि हनुवटी उजळते आणि नवरी भुताच्या सिनेमातली वाटते. मेच्या दुपारी सूर्य माथ्यावर असताना प्रकाश चेहऱ्याकडे वळवायला डिस्क खालीच धरावी लागते, म्हणून त्या वेळी सिल्व्हर हातात घेऊच नये.

सिल्व्हर थेट डोळ्यांत जाते. डोळे मिटून ठेवायला सांगावं, तीन म्हटल्यावर उघडायला सांगावं आणि त्या क्षणी तीन-चार फ्रेम मारून मोकळं व्हावं. आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर मात्र ती टाकूच नका. घामावर, मेकअपवर आणि तुशीवर तिचे पांढरे डाग पडतात. पैठणीच्या पदरावर हीच बाजू बाजूने टाकली की जरीकाम असं चमकतं, की तेवढ्यासाठी तिला शंभर गुन्हे माफ. नवऱ्याला चष्मा असेल तर डिस्क अजून वर न्यावी, नाहीतर दोन्ही काचांत चकचकीत थाळ्या दिसतात.

गोल्ड बाजूबद्दल स्पष्टच सांगतो: ती नसती तरी चाललं असतं. चेहऱ्याच्या सावलीत पिवळा-नारिंगी आणि केसांच्या कडेला, मागच्या झाडांवर दिवसाचा साधा रंग, असे दोन रंग एकाच फ्रेममध्ये येतात. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगदुरुस्तीने, एक सुधारला की दुसरा बिघडतो. हळदीच्या कार्यक्रमात तर ती वापरणं म्हणजे हळदीवर हळद. सूर्यास्ताच्या आधीची वीस मिनिटं प्रकाशच नारिंगी असतो. तेव्हा पांढरी बाजूसुद्धा तोच रंग परत देते.

पांढरी बाजू मवाळ आहे, एक मीटरच्या आत आणली तरच काम करते, पण त्वचा तिच्यात सर्वांत सुंदर येते. लॉनवर तिचा एक वेगळा उपयोग आहे. उन्हातलं हिरवं गवत हनुवटीखाली आणि मानेवर हिरवट झाक टाकतं, गोऱ्या रंगावर ती जास्त दिसते. फ्रेमच्या बाहेर, पायाशी पांढरी बाजू वर करून टाकली की हिरव्याच्या जागी पांढरा उजेड वर येतो. काळ्या बाजूचं काम याच्या उलट. चारही बाजूंनी पांढरे पडदे असले आणि चेहरा सपाट दिसायला लागला की काळी बाजू एका गालाजवळ धरायची, तो गाल जरा गडद होऊन चेहऱ्याला गोलाई येते. सूर्य समोर असताना लेन्सवर फ्लेअर, म्हणजे उन्हाची धुरकट चमक, येत असेल तर हीच काळी बाजू लेन्सच्या वर छज्जासारखी धरता येते.

मांडवाच्या आत हे प्रकरण अवघड होतं. छताला लाल किंवा पिवळं कापड असलं की खालचे सगळे चेहरे त्याच रंगाचे होतात. मांडवाच्या कडेला उन्हाचा पट्टा असेल तर हेल्परने त्या उन्हात उभं राहून सिल्व्हरने साधा प्रकाश आत टाकावा. मुहूर्ताआधीच्या पोर्ट्रेटपुरतं हे जमतं. मंगलाष्टकं सुरू झाली की हेल्परसकट रिफ्लेक्टर बाहेर. अक्षता टाकणाऱ्यांच्या आणि नवरानवरीच्या मध्ये एक मीटरची थाळी घेऊन उभं राहिलात तर काकामंडळी काय बोलतील ते वेगळं सांगायला नको.

तिथे मदतीला येतो तो अंतरपाट. पांढराशुभ्र अंतरपाट दोघांच्या चेहऱ्यांजवळ असतो आणि त्याच्यावर ऊन किंवा मोकळ्या बाजूचा उजेड पडत असेल तर तो फुकटचा पांढरा रिफ्लेक्टर आहे. अंतरपाट खाली आला की हा उजेड एकदम जातो आणि मागची गर्दी, पडदे फ्रेममध्ये येतात. ऑटोवर असलेला कॅमेरा नेमका त्या क्षणी एक्स्पोजर हलवतो. शेवटच्या मंगलाष्टकाआधी मॅन्युअलवर जावं, चेहऱ्यावरून रीडिंग घ्यावं आणि अंतरपाट पडल्यावरच्या प्रकाशासाठी अर्धा स्टॉप जास्त ठेवावा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये तेवढं सांभाळून घेता येतं.

एवढी कटकट करण्यापेक्षा फ्लॅश का नको? फ्लॅश हवाच, पण हिशेब पाहा. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर, १/२०० किंवा १/२५०. एफ २.८ ला लागणाऱ्या १/३२०० साठी हाय स्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरवर फ्लॅश चालवायची सोय) वापरला की साध्या स्पीडलाइटची, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशची, ताकद दोन स्टॉपहून जास्त घटते आणि बॅटरी धापा टाकते. चार स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवरची काळसर काच, लावून १/२०० वर येता येतं, पण फ्लॅशच्या प्रकाशातूनही तेच चार स्टॉप जातात. शिवाय फ्लॅश मुंडावळ्यांच्या सावल्या पुसत नाही, फक्त फिक्या करतो. सूर्यास्तानंतर मात्र फ्लॅशच. आपल्याकडे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो, त्यामुळे गोरज मुहूर्त असेल तर डिस्क बॅगेतच राहू दे.

वारा हा या वस्तूचा खरा शत्रू. जवळजवळ एक चौरस मीटरचं शीड आहे ते. अलिबाग-गुहागरच्या किनाऱ्यावर दुपारनंतरच्या वाऱ्यात एकट्या हेल्परला ते डोक्यावर स्थिर धरता येत नाही, आणि स्टँडवर लावून सोडलं तर कुणाच्या तरी डोक्यात जाणार. समुद्रकिनारी ८० सेंटिमीटरचा घ्या आणि फक्त चेहऱ्याच्या क्लोजअपला वापरा.

हळदीच्या दिवशी पांढरी बाजू आणि डिफ्यूजर जपावेत. डाग पडला तर लगेच साबण लावू नये, हळद साबणाने लाल होते. कोरडी पूड झटकायची, साध्या पाण्याने पुसायचं आणि कडक उन्हात वाळत टाकायचं. हळदीचा रंग उन्हाने उडतो. डाग तसाच राहिलेल्या कापडातून येणारा प्रकाशही पिवळसरच येतो. घडी घालताना समोरासमोरच्या दोन कडा धरून एक मनगट आत आणि एक बाहेर पिळायचं, रिंग आपोआप तीन वेढ्यांत बसते. जोर लावून दाबली की रिंग पापडासारखी वाकडी होते आणि मग कधीच सपाट उघडत नाही.

घेताना दुकानातच उघडून जमिनीवर ठेवा, चारही बाजूंनी टेकली पाहिजे. चेन दोनदा पूर्ण उघडझाप करा, सगळ्यात आधी तीच जाते. मग दुकानाबाहेर उन्हात कोरा कागद ठेवून कॅमेरा मॅन्युअलवर, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा. एक फोटो थेट उन्हात, एक डिफ्यूजरखाली. दोन्ही फोटोंत कागद सारखाच उजळ यायला शटर किती स्टॉप हळू करावा लागला ते मोजा. दोन स्टॉपहून जास्त खाणारं कापड नको, कारण मागचं उजळलेलं लॉन मग आवरत नाही. कागद पिवळट किंवा हिरवट आला तर दुसरा नग मागा. आणि बजेट असेल तर गोल्डवाल्या महागड्या सेटऐवजी साधे दोन घ्या, एक ११० चा डोक्यावर धरायला आणि एक ८० चा समोरून.