दादरची सिनेमा-फेरी: भगवानदादांची अखेरची वर्षं, छापील आणि ऐकीव

रविवारी सकाळी साडेसातला दादर पूर्वेला स्टेशनबाहेर आम्ही चौदा जण जमलो. फेरी तीन तासांची, माणशी सहाशे रुपये, पाण्याची बाटली ज्याची त्याने आणायची. जाहिरातीत लिहिलं होतं 'दादरचे स्टुडिओ आणि भगवानदादांची चाळ'. मी त्या शेवटच्या दोन शब्दांसाठी गेले. भगवानदादा म्हणजे 'अलबेला' चित्रपटाचे नट-दिग्दर्शक, त्यातल्या 'भोली सूरत' गाण्यावर नाचणारे.

माझे वडील परळच्या गिरणीत होते. कुणाच्याही वरातीत बँडवाल्याने 'भोली सूरत' धरलं की ते पुढे होत आणि जागच्या जागी पाय सरकवत, हात हलवत नाचायला लागत. मी स्वतः तेहतीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं, त्यातली बरीचशी एका दैनिकाच्या पुरवणीसाठी. दर फेब्रुवारीत दादांच्या पुण्यतिथीचा मजकूर टेबलावर यायचा आणि दर वेळी तोच असायचा: जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला, वाराला एक अशा सात गाड्या, मग चाळीतल्या दोन खोल्या, सगळ्यांनी पाठ फिरवली, एकाकी अंत. ऱ्हस्व-दीर्घ पाहून मी पुढे पाठवत असे. मजकूर खरा की खोटा हे पाहणं माझं काम नव्हतं, पण ते मला लागून राहिलं होतं.

त्यामुळे आमचा वाटाड्या मुलगा मला पहिल्या दहा मिनिटांतच आवडला. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, काखेत झेरॉक्सची जाडजूड फाइल. कुठलाही किस्सा सुरू करण्याआधी तो सांगायचा, "हे छापील आहे," किंवा "हे ऐकीव आहे." छापील असेल तर कागद काढून दाखवायचा. दादासाहेब फाळके रोडवरून चालताना १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून त्याने सुरुवात केली आणि भगवान आभाजी पालव यांचा जन्मही त्याच वर्षीचा, १ ऑगस्टचा, हे जाता जाता सांगितलं. इतकी वर्षं दोन्ही तारखा माझ्या डोळ्यांखालून गेल्या, पण मी त्या कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

रणजित स्टुडिओपाशी ललिता पवारांचा विषय निघाला. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांचा हात जोरात बसला, चेहऱ्याला पक्षाघात झाला, डोळा अधू झाला. हे खरं. दादांनी आकसाने मारलं, ही पुढे चिकटलेली गोष्ट. तो अपघात होता, आणि ललिताबाईंनी त्यानंतर कित्येक दशकं काम केलं. इथे तो जास्त रेंगाळला नाही, तेही बरं झालं.

खरा ऐवज पुढे होता. 'एका रात्रीत रस्त्यावर आले' या वाक्याचं त्याने काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे. त्याने नुसती सालं मांडली. १९४२ मध्ये दादांची जागृती पिक्चर्स ही चित्रपटसंस्था, मग चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ, १९५१ मध्ये 'अलबेला', १९५३ मध्ये 'झमेला', १९५६ मध्ये किशोरकुमारला घेऊन 'भागमभाग'. त्याच सुमाराला दुसऱ्यांच्या चित्रपटांतही कामं: 'झनक झनक पायल बाजे', 'चोरी चोरी'. पुढे 'हंसते रहना' अर्ध्यावर राहिला, त्यात पैसा बुडाला. म्हणजे ही घसरण वर्षानुवर्षं चाललेली होती. मग बंगला गेला, गाड्या गेल्या. "पंचवीस आणि सात हे आकडे प्रत्येक लेखात याच क्रमाने येतात," तो म्हणाला, "म्हणून मी ते एकमेकांवरून उतरवलेले धरतो. बंगला विकला हे धरून चालतो, खोल्या मोजत नाही." मुद्रितशोधक म्हणून मी या वाक्याला पैकीच्या पैकी गुण देते.

शेवटचा थांबा लल्लूभाई मॅन्शन, म्हणजे दादांची चाळ. तिथे आजही माणसं राहतात, म्हणून दारांचे फोटो काढायचे नाहीत, आवाज खाली ठेवायचा, हे त्याने आधीच बजावलं होतं. गणपतीच्या मिरवणुका इथे थांबत, बँड 'भोली सूरत' वाजवत आणि म्हातारे दादा खाली येऊन दोन पावलं टाकत, हा किस्सा त्याने 'ऐकीव, पण पुष्कळांच्या तोंडून' असा दिला. आमच्यातल्या एका बाईंनी "अरेरे, चाळीत मरण आलं" असं म्हटलं, तेव्हा मला राहवलं नाही. मी चाळीतच वाढले. दोन खोल्या म्हणजे भीक नव्हे. दादा गिरणी कामगाराचा मुलगा, तरुणपणी स्वतः मजुरी केलेला माणूस. बंगला गेल्याचं दुःख त्यांना असणारच, पण ज्या ठिकाणी हाक मारली की चार दारं उघडतात, त्याला नरक म्हणणारा मजकूर चाळीत न राहिलेल्या माणसाने लिहिलेला असतो. ४ फेब्रुवारी २००२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ते दादरच्या घरीच गेले, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. वाटाड्या मुलगा शांतपणे म्हणाला, "काकू, हे पुढच्या फेरीत सांगू का?" म्हटलं, सांग.

आता तक्रार. समारोपाला त्याचा जोडीदार आला, आणि त्याच्याकडे फाइल नव्हती. त्याने आवाज लावून सांगितलं की सगळी चित्रपटसृष्टी विसरली, फक्त संगीतकार सी. रामचंद्र, नट ओमप्रकाश आणि गीतकार राजेंद्र कृष्ण शेवटपर्यंत चाळीत भेटायला येत राहिले. लोकांचे डोळे भरले. मी बाजूला जाऊन वहीत तारखा लिहिल्या. सी. रामचंद्र, म्हणजे चितळकर अण्णा, ५ जानेवारी १९८२ ला गेले, राजेंद्र कृष्ण १९८७ ला, ओमप्रकाश फेब्रुवारी १९९८ मध्ये. पडत्या काळात हे तिघे येत असतील, त्यात त्यांचा मोठेपणाच आहे. पण अण्णांनंतर दादा वीस वर्षं जगले. 'अलबेला'तली त्यांची जोडीदार गीता बाली तर १९६५ सालीच देवीच्या रोगाने गेली होती. पाठ फिरवणारेही असतील, त्यांच्याविषयी मी काही म्हणत नाही. पण जिवाभावाचे जे होते, ते एकेक करून आधी गेले, आणि हे मागे राहिले. माझ्या वडिलांचंही शेवटी तसंच झालं. तालमीतले, खात्यातले सगळे गेले, मग ते कॉमन गॅलरीत एकटे बसायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, मुलांनी टाकलं वाटतं म्हाताऱ्याला. मी रोज त्यांच्या ताटाशी बसायचे.

आणखी एक. चाळीपाशी वीसच मिनिटं मिळाली, त्याआधी स्टुडिओंच्या बंद फाटकांसमोर तासभर गेला. हे उलटं हवं. साठीपुढच्यांसाठी मध्ये कुठे टेकायची सोयही करावी, माझे गुडघे शेवटच्या अर्ध्या तासात बोलत होते.

तरी सहाशे रुपये वसूल. पायांत चांगले बूट घाला आणि फाइलवाल्या मुलाचीच तुकडी मागून घ्या. निघताना मी वहीतलं ते पान फाडून त्याच्या हातात दिलं. त्याने तिथेच उभ्याउभ्या तारखा एकदा मोठ्याने वाचल्या, १९८२ खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि पान फाइलमध्ये चाळीच्या फोटोमागे लावलं.