कीबोर्डसाठी अ‍ॅम्प घ्यावा की पॉवर्ड स्पीकर?

तुळशीचं लग्न लागलं की जळगाव-धुळ्याकडच्या ऑर्केस्ट्रांना दम टाकायला सवड नसते. त्यामुळे कीबोर्डवाल्याने स्वतःच्या साउंडचं काय ते दिवाळीआधीच ठरवून टाकावं. 'गिटारचा अ‍ॅम्प पडलेलाच आहे की' हा विचार मात्र सोडा. त्याचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वर ढेपाळतो आणि ट्वीटर, म्हणजे उंच, बारीक आवाजासाठीचा छोटा स्पीकर, नसतोच. पियानो, बासरी, स्ट्रिंग्ज, सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. ऑर्गनचा खरखरीत टोन हवा असेल तर गोष्ट वेगळी.

खरी निवड दोघांत: खास कीबोर्डसाठी बनवलेला अ‍ॅम्प, किंवा पॉवर्ड स्पीकर, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला स्पीकर. अ‍ॅम्पचं उदाहरण म्हणून रोलँडचा केसी-४०० घ्या: १५० वॅट, १२ इंची स्पीकर, चार चॅनेल. दोन कीबोर्ड, मोबाईल आणि एक माइक थेट त्यातच लागतो, मिक्सर बाळगायला नको. सरावाच्या खोलीला किंवा क्लासला याहून सोयीचं काही नाही. मात्र एकाच पेटीतून आवाज मोनोच येणार, म्हणजे डावा-उजवा वेगळा ऐकू येणार नाही, आणि ती पेटी जिन्यावरून चढवताना कंबर आठवते.

यामाहाचा डीबीआर१० हा १० इंची पॉवर्ड स्पीकर, वजन साडेदहा किलो. दुकानदार '७०० वॅट' म्हणत भुलवेल. तो आकडा पीकचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा आहे. रोलँडच्या १५० शी थेट ताडून पाहू नका. याची खरी गंमत स्टेजवर. आडवा ठेवला की तुमचा मॉनिटर, म्हणजे स्वतःचं वाजवणं स्वतःला ऐकू येण्यासाठीचा स्पीकर, स्टँडवर चढवला की छोट्या कार्यक्रमाचा मेन स्पीकर. मागच्या आउटपुटमधून साउंडवाल्याला लाइनही देता येते. इनपुट दोनच, म्हणून दुसरा कीबोर्ड असेल तर छोटा मिक्सर लागतो.

डाव्या हाताने बेस वाजवणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. हळदीच्या अहिराणी गाण्यांत ढोलकीखाली बेस भरून लागतो, आणि १० इंची स्पीकर तिथे अपुरा पडतो. मग यामाहाचाच १२ इंची डीबीआर१२ पाहा, किंवा वजनाची तयारी असेल तर रोलँडचा १५ इंची केसी-६००.

माझं मत विचाराल तर, लॉनवर भाड्याचा साउंड असतोच, तिथे वाजवणाऱ्याने पॉवर्ड स्पीकर घ्यावा. क्लास, भजनी मंडळ, घरचा सराव यांना अ‍ॅम्प. वरातीच्या गाडीवर वाजवणाऱ्यांनी दोन्हींवर पैसे घालू नयेत. तिथे सगळं गाडीच्याच बॉक्समधून जातं.

काहीही घेतलं तरी मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा पेटीची मागची बाजू उन्हात किंवा पडद्याला चिकटवून ठेवू नका. एकच वायर लावायची असेल तर ती कीबोर्डच्या मागच्या 'एल-मोनो' लिहिलेल्या आउटपुटलाच लावा, नाहीतर अर्धा स्टिरिओ आवाज गायब. आणि दुकानात जाताना स्वतःचा कीबोर्ड सोबत न्या. बेसचा खालचा 'सा' दाबून धरा, वर पियानो वाजवा आणि आवाज पाऊणपर्यंत चढवा. पेटी खडखडली तर तिथेच ठेवून या.