हेडीज : अनेक महिने खेळल्यानंतर, मुख्यतः दारांविषयी

हेडीज या व्हिडिओ गेममध्ये पाताळातून बाहेर पडू पाहणारा नायक दालनामागून दालन लढत जातो; मेला की घरी परततो आणि नवी फेरी सुरू होते. त्याची लढाई, चित्रे आणि संगीत यांविषयी २०२० पासून भरपूर लिहिले गेले असल्याने मी ते टाळतो. सवलतीत घेतलेला हा खेळ अजून संगणकावरून का काढला नाही, याचे उत्तर माझ्यापुरते दारांवरच्या चिन्हांत आहे.

दालनातले शत्रू संपले की पुढच्या दारांवर आतले बक्षीस आधीच दिसते. सोनेरी चौकटीतले बक्षीस, म्हणजे देवांचे वरदान, शस्त्र सुधारणारा हातोडा किंवा वरदान वाढवणारे डाळिंब, त्याच फेरीत कामी येते आणि मरणाबरोबर जाते. निळ्या चौकटीतले डार्कनेस, किल्ल्या, रत्ने, नेक्टर मात्र मेल्यावरही गाठीला राहतात. त्यामुळे ही फेरी जिंकण्याचा प्रयत्न करायचा की पुढच्या फेऱ्यांची तजवीज, हे दर दाराशी ठरवावे लागते, आणि पुढे मिळणारे बक्षीस आपणच निवडलेले असल्याने त्याची किंमत वाढते. (मोबाइलवरच्या एका खेळात मी पेट्या उघडत असे, तिथे निवड काहीच नव्हती आणि एक दिवस चुकला तर हजेरीची साखळी तुटे.) इथे गैरहजेरीचा दंड नाही आणि एकदा किंमत मोजल्यावर खेळात पैसे मागणारे दुकानही नाही, ही माझ्यासारख्या चिकट माणसाला मोठीच सोय वाटते.

गॉड मोड या खेळ सोपा करणाऱ्या पर्यायाला सुरुवातीला मी नवशिक्यांची सवलत समजून हात लावला नव्हता. आता मत वेगळे आहे. त्यात शत्रूच्या माराचा परिणाम २० टक्क्यांनी कमी होतो आणि प्रत्येक मरणामागे आणखी २ टक्के सूट मिळते, ती एकूण ८० पर्यंत; शत्रू आणि दारे तीच राहतात, फक्त हरण्याचाही मोबदला मिळू लागतो. हरून घरी परतल्यावर पात्रे नवे काही बोलतातच, त्यात ही भर.

तक्रार पुन्हा दारांचीच आहे. डार्कनेस खर्चून घरच्या आरशातल्या सगळ्या कायमच्या क्षमता पूर्ण वाढवल्या की डार्कनेसचे दार समोर येऊनही त्याकडे बघवत नाही, आणि निवडीतली सगळी ओढाताण तिथेच ढिली पडते. त्यावर उपाय म्हणून हीट, म्हणजे आपणच वाढवायची काठिण्यपातळी, आहे: प्रत्येक शस्त्रामागे मुख्य शत्रूंकडून टायटन ब्लड, हिरे आणि अँब्रोसिया ही दुर्मीळ बक्षिसे पुन्हा हवी असतील, तर हीट एकेक पायरीने वाढवावी लागते. तलवारीची हीट माझ्या आवाक्याबाहेर गेल्यामुळे सध्या मी धनुष्य घेऊन खालच्या पायऱ्यांवरची बक्षिसे वसूल करतो आहे.