सदरचं बंदुकीचं दुकान: बाबांच्या तीन बंदुका आणि सोडलेली एक

पाचपैकी चार तारे देते आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच हात जोडले. म्हणाले, "ताई, नाव नका टाकू. आमचं गिऱ्हाईक परवाना घेऊन येतं. मोबाइलवर शोधून येणारं आम्हाले नको." नागपुरात काटोल रोडने छावणीवरून सदर भागात शिरलं की एका आडव्या गल्लीत हे दुकान आहे. लोखंडी जाळीचं दार, आत एक काचेचं कपाट, भिंतीला टेकून एक लाकडी बाक, मागे मिस्त्रींची खोली. ज्याला काम आहे त्याला ते सापडतं.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे, प्रतापनगरला राहते. बंदुकीचा आणि माझा संबंध एवढाच की काटोल तालुक्यात आमची सहा एकर शेती आहे आणि ती बाबा शेवटपर्यंत स्वतः करत होते. थोडा संत्रा, बाकी तूर, हरभरा. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांचा त्रास काय असतो तो ज्याचं वावर आहे त्यालाच ठाऊक. एका रात्रीत हरभऱ्याच्या अर्ध्या एकराची नांगरट होते, ठिबकच्या नळ्या चावून ठेवतात त्या वेगळ्याच. म्हणून थंडीभर माळ्यावर जागल. बाबांकडे तीन बंदुका होत्या. आजोबांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची), बाबांनी स्वतः घेतलेली बारा बोअरची दुनळी आणि इच्छापूरच्या कारखान्याची .३१५ ची रायफल. तिन्ही परवान्यावर, तिन्ही कुलपात. वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर गोळी झाडणं गुन्हा आहे, आणि बाबांनी ते कधी केलं नाही. ठासणीत नुसती दारू ठासून बार काढायचा, एवढंच. त्या आवाजाने कळप पळतो.

२०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यातली दुरुस्ती आली. त्याआधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. ती मर्यादा १९८३ च्या दुरुस्तीची. सरकारने आणलेल्या मूळ विधेयकात तिनाची थेट एक होणार होती. त्या दिवसांत या दुकानाच्या बाकावर बसायला जागा नव्हती. बाबांना खडकीची शक्तिमान काडतुसं घ्यायची होती म्हणून मी गाडीने घेऊन आले होते, तर आत सात-आठ माणसं तावातावाने बोलत होती आणि मालक स्वतः खासदारांना द्यायचं निवेदन लिहून काढत होते. त्यांचा मुद्दा सरळ होता: गुन्ह्यात सापडतो तो देशी कट्टा, त्याला परवाना नसतो, मग परवानेवाल्याच्या घरातून बंदूक काढून कट्टा कसा कमी होईल? एका निवृत्त सुभेदारांचं म्हणणं होतं की वडिलोपार्जित हत्यार ही बंदूक नाही, घराण्याची वस्तू आहे, ती मोजायचीच कशाला. नेमबाजी शिकणाऱ्या एका मुलाचे वडील होते, त्यांना वेगळीच काळजी, पोराच्या खेळाचं काय होणार.

विरोध देशभर झाला. परवानेधारकांच्या संघटना बोलल्या, नेमबाज बोलले, संसदेत प्रश्न आले. शेवटी सरकारनेच स्वतःची दुरुस्ती आणली आणि एकच्या जागी दोन केल्या. लोकसभेत ९ डिसेंबरला, राज्यसभेत १० डिसेंबरला मंजूर, १४ डिसेंबर २०१९ पासून लागू. तिसरी बंदूक एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची, मुदत संपल्यावर ९० दिवसांत ती परवान्यावरून उतरणार. वारसाहक्काने आलेल्या बंदुकाही त्या दोनातच धरायच्या. नेमबाजांसाठी फेब्रुवारी २०२० मध्ये वेगळी अधिसूचना निघाली, त्यात नामवंत खेळाडूंना १२ पर्यंत सूट मिळाली. ते योग्यच झालं.

मी मालकांच्या बाजूची नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. त्यांनाही तोंडावर सांगितलं होतं. त्याच कायद्यात लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलम आलं. ते मला मनापासून हवं होतं. घरात बंदुका कमी असाव्यात हेही पटतं. माझं भांडण मोजण्याच्या पद्धतीशी आहे. ठासणीची बंदूक म्हणजे एका बारानंतर पुन्हा दारू घाला, गजाने ठासा, ठिणगी पाडणारी टोपी बसवा, यात मिनिट-दीड मिनिट जातं. आणि .३२ चं रिव्हॉल्व्हर खिशात बसतं, सहा गोळ्या सहा सेकंदांत सोडतं. कायद्याच्या हिशेबात दोन्ही 'एक'. बरं, १९५९ च्या मूळ शस्त्र कायद्यातच पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. खऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितली तर परवाना द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. परवाना देताना जो फरक केला, तो मोजताना का केला नाही? त्या बाकावरच्या निवेदनात हा मुद्दा नव्हता. मी मालकांना तो घालायला सांगितला आणि त्यांनी माझ्यासमोर, हाताने, शेवटच्या ओळीच्या वर तो लिहिला. मत जुळत नसतानाही ऐकून घेणारा दुकानदार मला तिथे पहिल्यांदा दिसला.

२०२० उजाडलं ते टाळेबंदीत गेलं. दुकान कितीतरी दिवस बंद. बाबा ७९ वर्षांचे, त्यांना घराबाहेर काढायची भीती वाटायची, आणि मुदत तर डिसेंबरची. नोव्हेंबरात आम्ही तिन्ही बंदुका म्यानात घालून, रिकाम्या करून, परवान्यासह घेऊन गेलो. कोणती सोडायची हे ठरत नव्हतं. मला वाटलं होतं ठासणी सोडू, तिचा काय उपयोग. मालकांनी दोन्ही बाजू मांडल्या: ठासणीला बाजारात भाव नाही, कोणी घेणार नाही, पडून राहील, रायफलीला मात्र पैसे येतील, पण सगळेच विकायला निघाल्यामुळे भाव पडलाय, हेही खरं. मग गप्प बसले. "पाटील, तुमची वस्तू, तुम्ही ठरवा."

बाबांनी रायफल पुढे सरकवली. मी विचारलं, एवढी महागाची का सोडता? तर म्हणाले, "रायफलीची गोळी कुठवर जाईल याचा नेम नाही माय. पल्याडच्या वावरातबी माणूस जागलीले असते." तीस वर्षं ती रायफल घरात होती आणि त्या भीतीपायी त्यांनी ती वावरात कधी नेलीच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला १५ हजार सांगितले होते. इथे मिस्त्रींनी नळी उजेडात धरून पाहिली, आतले आटे बघितले, दस्त्यावरची चीर दाखवली आणि मालकांनी ३२ हजार दिले. पावती हातची, पण तीत अनुक्रमांक, परवान्याचा क्रमांक, यूआयएन (परवानेधारकाचा ओळख क्रमांक), तारीख, सगळं. परवान्यावरून रायफल उतरवायच्या अर्जाचा मसुदाही त्यांनीच करून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर, ज्यात ३५ माणसं गेली, काही प्रकारच्या बंदुकांवर बंदी आली तेव्हा सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. आपल्या दुरुस्तीत मोबदल्याचं कलम नाही. कष्टाच्या पैशाने, रीतसर परवान्यावर घेतलेली वस्तू जमा करा म्हटल्यावर म्हातारा शेतकरी कोणाच्या भरवशावर असतो? समोरच्या दुकानदाराच्या सचोटीच्या. आम्हाला माणूस चांगला भेटला. सगळ्यांना भेटला असेल असं नाही.

मिस्त्रींबद्दल वेगळं लिहायलाच हवं. ठासणीच्या बंदुकीची टोपी बसते ते बोंड गंजून बुजलं होतं, घोडा सैल पडला होता. नागपुरात अशा बंदुकीला हात लावणारं मला दुसरं कोणी मिळालं नाही. त्यांनी बोंड काढून तेलात दोन दिवस ठेवलं, घोड्याची कमान बदलली, सागवानी गज नवा करून दिला. १,८०० रुपये. दुनळीच्या डाव्या नळीची पिन झिजली होती, ती मात्र त्यांनी लगेच बदलायला नकार दिला. म्हणाले, आधी नळीला आतून खड्डे किती आहेत ते बघू, नळी कच्ची असेल तर पिन घालून मी तुम्हाले धोका देईन. आठ दिवसांनी फोन करून सांगितलं, नळी चांगली आहे, आता घालतो. ज्या धंद्यात चुकीची किंमत माणसाचे डोळे किंवा बोटं असते, तिथे असा 'नाही' म्हणणारा कारागीर हवा.

त्याच भेटीत मालकांनी बाबांना सांगितलं होतं की नियमाप्रमाणे परवानेधारकाने सत्तरी ओलांडली किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली असेल तर हयातीतच वारसाच्या नावाने करायला अर्ज करता येतो, ताईच्या नावाने आत्ताच करून टाका. आम्ही ऐकलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बाबा गेले. भाऊ पुण्यात, त्याला शेतीत रस नाही, म्हणून अर्ज मी केला. तेराव्यानंतर दोन्ही बंदुका मी दुकानात ठेवल्या आणि त्या तिथे पंधरा महिने राहिल्या. एका कार्यालयात तर मला दोनदा विचारलं गेलं, "साहेब कुठे आहेत? त्यांना पाठवा." अर्जदार मीच आहे हे तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला. दुकानात मात्र एकदाही, कोणीही, बाईमाणसाला बंदूक कशाला असं विचारलं नाही.

त्या पंधरा महिन्यांचं भाडं दोन्हींचं मिळून महिन्याला ३०० रुपये. मी मध्येच न सांगता गेले तेव्हाही नळ्यांना ताज्या तेलाचा वास होता. एप्रिल २०२४ मध्ये, १९ तारखेच्या लोकसभा मतदानाआधी, शस्त्रं जमा करणाऱ्यांची रांग गल्लीत लागली होती. मालक रात्री साडेनऊपर्यंत उभं राहून प्रत्येक बंदुकीला चिठ्ठी बांधत होते, आणि माझ्या दोन्ही बंदुका होत्या त्याच कोपऱ्यात, त्याच चिठ्ठ्यांसह.

डिसेंबर २०२४ मध्ये परवाना माझ्या नावाने आला. आता तो पाच वर्षांचा असतो, आधी तीन होता. त्या दिवशी मालकांनी मला दोन तास बसवलं. दुनळी सांध्यातून उघडून काडतुसांची दोन्ही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानेही बघायचं. चापावर बोट आधीच ठेवायचं नाही. ठासणीत दारू आहे की नाही हे गज नळीत सोडून, खुणेपर्यंत जातो का ते पाहून ओळखायचं. बाबांनी गजावर सुतळी बांधली होती, ती कशासाठी ते मला तेव्हा उमगलं. माझ्या हातून सगळं चार वेळा करून घेतलं. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्यात, किल्ल्या गड्याकडे कधीच नाहीत, हेही बजावलं.

आता एक तारा का कापला ते. दुकान उघडण्याची वेळ साडेदहाची लिहिलेली आहे, उघडतं साडेअकराला. काटोलहून पहाटे निघून आलेला शेतकरी तासभर उन्हात उभा राहतो, बाहेर सावली नाही, पाणी नाही. दुरुस्तीचा अंदाज तोंडी सांगतात; माझ्याशी शब्द पाळला, पण लिहून द्यायला काय हरकत आहे? यूपीआय नाही, रोखच लागते. आणि मिस्त्री बहात्तर वर्षांचे आहेत, हाताखाली कोणी नाही. मी मालकांना म्हटलं, एखादा पोरगा ठेवा शिकायला. ते म्हणाले, दोनच बंदुकांच्या काळात दुरुस्तीला येतं किती, पोराला पगार कुठून देऊ. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण ठासणी पुढच्या वेळी बिघडेल तेव्हा मी कोणाकडे नेऊ, ही काळजी मात्र खरी आहे.

जाणाऱ्यांसाठी: मूळ परवाना आणि आधार दोन्ही न्या, झेरॉक्सवर ते काडतूस काय, टोपीही देत नाहीत, आणि देऊ नयेच. गुरुवारी गर्दी कमी असते. आमच्याकडे हरभरा घाट्यावर आला आहे, माळा बांधून झाला. टोप्यांची डबी संपत आली आहे, म्हणून या गुरुवारी मलाही जायचं आहे. साडेअकरानंतर.