शुभ्र कार्डावर झालेली अँजिओप्लास्टी : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आमचा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे सांगते.

ही सरकारची मोफत उपचारांची योजना. मी घरी ब्लाउज शिवते, मालक दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. रेशन कार्ड शुभ्र, कारण ते सासऱ्यांच्या वेळचं आणि सासरे साखर कारखान्यात कायम होते. शुभ्र म्हटलं की लोकांना वाटतं पैसेवाले असतील. १९९९ साली तीन रंगांची कार्डं आली तेव्हा वर्षाला १ लाखापर्यंत उत्पन्न असेल तर केशरी, त्याच्या वर शुभ्र, असं ठरलं. १ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. आज टेम्पोच्या ड्रायव्हरलाही त्याहून जास्त मिळतात. म्हणून काय तो दवाखान्याचं दोन-अडीच लाखांचं बिल भरू शकतो?

आमच्याच घरातलं सांगते. २०१९ च्या दिवाळीत थोरल्या दिरांची बायपास झाली. तेव्हा योजना पिवळ्या आणि केशरी कार्डाला होती. शुभ्र कार्डावर मिळायची ती विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना, आणि आमचा सातारा त्यात नव्हता. जाऊबाईंनी दोन म्हशी विकल्या, पाटल्या गहाण टाकल्या. म्हशी गेल्या तसा डेअरीचा आठवड्याचा पगारही गेला. पाटल्या सोडवायला तीन वर्षं लागली.

२०२३ मध्ये सरकारने ही रंगाची अट काढायचं ठरवलं. सगळ्या कार्डांना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, १३५६ उपचार. प्रत्यक्ष सुरू झालं जुलै २०२४ पासून. आम्हाला ते कोणी सांगितलं नव्हतं. गावातल्या आशाताई आभा कार्ड (आरोग्याच्या नोंदींचं ओळखपत्र) काढायला आल्या होत्या, बोलता बोलता म्हणाल्या, "आता तुमचंबी बसतंय बरं का." तेवढं वाक्य डोक्यात राहिलं होतं.

२०२५ च्या जानेवारीत रात्री अकराला मालकांच्या छातीत कळ आली. घामाने बनियन पिळून काढावा इतका भिजला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात हृदयाची पट्टी (ईसीजी) काढली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि १०८ मधून पुढे पाठवलं. आता कापलेल्या ताऱ्याचं. ज्या रुग्णालयात आधी नेलं त्याच्या दारावर योजनेचा फलक होता. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "योजनेतला बेड शिल्लक नाही, पन्नास हजार भरा, लगेच घेतो." आरोग्यमित्राचं, म्हणजे पेशंटला मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल होतं, पण खुर्ची रिकामी. मी तिथेच फरशीवर बसून योजनेचा हेल्पलाइन नंबर १५५३८८ लावला. पलीकडच्या मुलीने गाव विचारून दुसऱ्या रुग्णालयाचं नाव सांगितलं. शेजाऱ्यांची गाडी बोलावून तिकडे पोचेपर्यंत दीड तास गेला. हृदयाच्या माणसाचा दीड तास. योजनेचा फलक लावणाऱ्याने रात्रीही त्या टेबलावर माणूस बसवायलाच हवा, यात मला कुणाचं काही ऐकायचं नाही.

दुसरीकडे मात्र चित्रच वेगळं. आरोग्यमित्र म्हणजे पंचविशीची एक मुलगी, स्वेटर घालून जागी होती. म्हणाली, "काकू, कागद सकाळी बघू, आधी काकांना आत जाऊ दे." तिने फोनवरून तातडीची मंजुरी घेतली आणि मालक थेट आत. रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे एक स्टेंट बसला.

सकाळी कागदांचं सुरू झालं. आधारवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जादा, रेशन कार्डावर नाही. माझ्या पोटात गोळा आला. पण तिने रेशन कार्डाचा ऑनलाइन बारा अंकी नंबर काढायला लावला, एक अर्ज लिहून घेतला आणि निभावलं. मग वॉर्डात येऊन पलंगावरच्या मालकांचा फोटो काढला. तो वर पाठवावा लागतो, पेशंट खरंच तिथे आहे हे कळायला. मालकांनी सलाईनचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने केस बसवले. रात्रीपासून मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

चार दिवसांत स्टेंट, औषधं, तपासण्या, पेशंटचं जेवण, कशालाच पैसे लागले नाहीत. जेवण बरं होतं, वरण जरा पातळ. सोडताना बिलाच्या खिडकीवर भरायचा आकडा शून्य. वर सही घेऊन परतीचं एसटीचं भाडं हातावर ठेवलं. ते योजनेतच आहे, पण बरेच जण मागत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते.

काय मिळत नाही तेही माहीत असू द्या. भरती न होता केलेल्या तपासण्या आपल्याच खिशातून. आमचे आधीचे १,८०० गेले. सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतचं योजनेत, नंतरच्या गोळ्या आम्हीच घेतो, आणि स्टेंटनंतर गोळ्या चुकवून चालत नाही. महिन्याला चौदाशे लागायचे, सरकारी स्वस्त औषधांच्या जनऔषधी दुकानातून घ्यायला लागल्यापासून निम्म्याहून कमी लागतात. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, तेव्हा आधी विचारून घ्या. आणि ५ लाख माणशी नाहीत, कार्डावरच्या सगळ्यांना मिळून आहेत. आमच्या कार्डावर सात नावं.

तुमचं शुभ्र कार्ड कपाटात पडलं असेल तर आजच काढा. त्यावरची नावं आधारशी अक्षर न् अक्षर जुळतात का बघा, दुरुस्ती आत्ताच करून घ्या. आणि दवाखान्यात गेलात की पैशांच्या काउंटरला जायच्या आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा.

मालकांना न्यायला जाऊबाई आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी २०१९ चं बिल काढलं, प्लास्टिकमध्ये जपलेलं, आणि त्या मुलीला विचारलं, "कार्ड हेच आहे, पोरी. ह्याचं काही मिळतंय का बघ की." तिने बिल दोन्ही बाजूंनी वाचलं. म्हणाली, "नाही हो मावशी, आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत यात." जाऊबाईंनी ते घडीवर घडी घालून परत पिशवीत ठेवलं आणि मालकांच्या चपला घ्यायला वाकल्या.