ऑपरेशनआधीचं ‘तयारी पॅकेज’

टमी टकच्या, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून पोट सपाट करण्याच्या ऑपरेशनच्या, तयारीच्या नावाखाली अंधेरीतल्या एका कॉस्मेटिक क्लिनिकने माझ्याकडून 85 हजार रुपये घेतले. ऑपरेशन झालंच नाही, पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पैसे घेईपर्यंत एकाही सर्जनने माझ्या पोटाला हात लावला नव्हता. तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून क्लिनिकचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी सांगते.

दोन सिझेरियननंतर पोटाची कातडी सैल झाली होती आणि मधले स्नायू एकमेकांपासून दूर गेले होते. लेडीज डब्यात पोटाकडे बघून कुणी उठून जागा दिली, की त्या दिवशी मला कुणाशी बोलावंसं वाटत नसे. आपल्याकडे अशा इच्छेला लगेच ‘नखरे’ म्हणतात, त्यामुळे बायका घरात न सांगता चौकशी करतात. क्लिनिकवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. “घरी आत्ताच सांगायची गरज नाही, ताई,” हे तिथल्या काउन्सिलरचं दुसरंच वाक्य होतं.

ती पांढरा कोट घालून बसली होती, पण डॉक्टर नव्हती. मोबाइलवर पोटाचे फोटो काढून तिने ते ‘सरांना’ पाठवले आणि दहा मिनिटांत उत्तर आणलं: ऑपरेशन होईल, पण आधी शरीराची तयारी हवी. त्या तयारीत डिटॉक्सची पावडर, चरबी वितळवणारी इंजेक्शनं, कातडी घट्ट करणारी सिटिंग्ज आणि एक बेल्ट असं सगळं होतं. सवलत फक्त त्या दिवसापुरती. थोडे पैसे रोख मागितले, ‘म्हणजे जीएसटी वाचेल’. उरलेल्या रकमेसाठी माझा ओटीपी घेऊन तिथल्या तिथे कर्ज मंजूर करून घेतलं. ते पैसे थेट क्लिनिकच्या खात्यात गेले, हप्ते माझ्या नावावर आले. पावडरीच्या डब्यावर घटकांची यादी नव्हती आणि इंजेक्शनचं नाव कुठल्याच कागदावर लिहिलं नव्हतं.

ऑपरेशनची तारीख सतत पुढे जायला लागली, तेव्हा मी एका महापालिका रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी ओपीडीत गेले. केईएम, सायन, नायर या तिन्ही ठिकाणी हा विभाग आहे. तिथल्या डॉक्टरांनी आधी मला झोपवलं, मान उचलायला सांगितली आणि स्नायूंमधली फट बोटांनी मोजली. हर्निया आहे का तेही पाहिलं. मग प्रश्न सुरू झाले. सिगारेट, तंबाखू, मशेरी? गर्भनिरोधक गोळ्या? ॲस्पिरिन? शुगर? पायात कधी गुठळी झाली होती का? वजन गेले काही महिने स्थिर आहे का? पुढे मूल हवंय का?

प्रत्येक प्रश्नामागचं कारण त्यांनी समजावलं. या ऑपरेशनमध्ये पोटाची कातडी खालून सुटी करून ताणतात, त्यामुळे तिचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांजवळची कातडी काळी पडून मरू शकते. म्हणून तंबाखू, मशेरीसुद्धा, निदान चार आठवडे आधी बंद करायची. काही गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो आणि ती गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. घटक माहीत नसलेली पावडर त्यांनी त्याच दिवशी बंद करायला लावली, कारण काही वनौषधींनी रक्तस्राव वाढतो आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला त्याचा पत्ताही नसतो. गोळ्या मात्र कुणीही मनाने बंद करू नका, सर्जनला विचारूनच करा.

खरी तयारी ही एवढीच असते. तिला रक्ताच्या तपासण्यांचा खर्च येतो, पॅकेज लागत नाही. क्लिनिकमध्ये यातला एकही प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला आजही सर्वांत जास्त राग याचाच येतो, कारण त्या अवस्थेत मी टेबलावर गेले असते तर पैशांपेक्षा कितीतरी मोठं नुकसान झालं असतं.

मग ‘सरांची’ चौकशी केली. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरची नोंदणी आणि पदव्या पाहता येतात. प्लास्टिक सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी असते. या सरांकडे दोन्ही नव्हतं. ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात होणार, भूल कोण देणार, याचंही उत्तर कधी मिळालं नाही. आणि निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर जीएसटी लागतोच. तो वाचवतो म्हणणारा खरं तर तुम्हाला पावती देणं टाळत असतो.

पैसे परत मागितले तर ‘सिटिंग्ज वापरल्या’ असं सांगितलं. मी वांद्र्याच्या उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत ती करता येते, राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 1915 या हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळतं. कर्ज नुकतंच घेतलं असेल तर कागदपत्रांतली रद्द करण्याची मुदत आधी बघा, ती फार थोडी असते.

क्लिनिकला नोटीस गेली आहे. हप्ते मी अजून भरतेय, कारण ते थांबवले तर सिबिल बिघडेल. तुमच्यापैकी कुणी अशाच पॅकेजमध्ये अडकलं असेल तर व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका, पावडरीचा रिकामा डबाही टाकू नका. माझ्या वकिलांनी पहिल्यांदा तोच मागितला.